पिशवी खुंटीला, फिनेल फरशीला

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात एका घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा उंबऱ्यातच फिनेलचा वास आला. फरशी अशी पुसलेली, की पाय ठेवायला संकोच वाटावा. कोपऱ्यात ऊद घातलेला, खिडकीला नवी जाळी, अण्णांच्या अंगावर धुवट चादर. आणि अण्णांच्या लघवीची पिशवी उशाशी भिंतीतल्या खुंटीला, त्यांच्या डोक्याच्याही वर टांगलेली.

"खाली ठिवली की येणाराजाणाराचा पाय लागायलाय, सिस्टर," सूनबाई म्हणाल्या. "म्हणून वर लावली. स्वच्छ ऱ्हाती."

त्यांचा हिशेब त्यांच्या परीनं बरोबर होता. खाली घाण, वर स्वच्छ, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. पण लघवी उताराकडे जाते. पिशवी ओटीपोटाच्या वर गेली की नळीतली, पिशवीतली शिळी लघवी उलटी मूत्राशयात उतरते. काही पिशव्यांना उलटं येऊ न देणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. मला बोलावलं होतं ते अण्णांना हुडहुडी भरून ताप आला म्हणून, आणि घरातला प्रत्येक माणूस एकच विचारत होता: एवढी स्वच्छता ठेवूनही असं कसं झालं?

आधी वॉर्डात आणि आता गेली काही वर्षं घरोघरी जाऊन ड्रेसिंग, नळ्या, इंजेक्शनं करताना हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल, सांगता येत नाही. लोक आळशी नसतात. उलट आजारी माणसासाठी घरं राबराब राबतात. फक्त ती मेहनत फरशीवर, चादरीवर, उदबत्तीवर खर्च होते, आणि जंतू जातो भलत्याच वाटेनं.

ती वाट कोणती, ते आधी बघू.

निरोगी माणसाची कातडी हा शेताचा बांध समजा. बाहेर कितीही पाणी साचलं तरी आत येत नाही. पण उंदरानं बांधाला बोटाएवढं बीळ पाडलं, की पाणी तेवढंच हुडकून काढतं. लघवीची नळी, नाकातली नळी, हातातली सलाईनची सुई, गळ्याला पाडलेलं श्वासाचं छिद्र, पाठीची उघडी जखम ही सगळी अशी बिळं. ज्याच्या अंगावर एकही बीळ नाही अशा म्हाताऱ्याला मातीच्या घरातही सहसा काही होत नाही. ज्याच्या अंगावर तीन आहेत, त्याला संगमरवरी फरशीवरही होतं.

आणि जंतू येतो कुठून? पुष्कळदा तो पेशंटचाच असतो. आतड्यात सुखानं नांदणारा जंतू लघवीच्या वाटेला लागला की तिथे आजार करतो. तोंडातला फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया. त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारं वाहन म्हणजे आपले हात. फरशीवरचा जंतू चालत पलंगावर चढत नाही, त्याला कोणीतरी उचलून न्यावं लागतं.

दवाखान्यापेक्षा घर बरं का, असं लोक विचारतात. पुष्कळ अर्थानं बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार, दवाखान्यात भरती झालेल्या दर 100 रुग्णांमागे श्रीमंत देशांत 7 जणांना आणि गरीब-मध्यम देशांत 15 जणांना तिथेच किमान एक नवी लागण होते. घरी शेजारच्या खाटेवर दुसऱ्याचा आजार नसतो, एकच स्टेथोस्कोप दहा जणांच्या छातीला लागत नाही. पण दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाई असो की लातूर-नांदेडचं मेडिकल कॉलेज, जिथून कुठून पेशंट आठ-पंधरा दिवस राहून येतो, तिथल्या औषधांना दाद न देणारे जंतू त्याच्या अंगावर घरी येऊ शकतात आणि महिनोन्‌महिने मुक्काम करू शकतात. दुसरी, वॉर्डात ताप मोजणारं, नळीची तारीख लिहिणारं कोणीतरी असतं. घरी ते काम सुनेचं, लेकीचं, नाहीतर रोजानं लावलेल्या मावशीचं. डिस्चार्जच्या वेळी त्यांना कोणी दहा मिनिटं बसवून शिकवलेलं असतंच असं नाही. बिलाचा कागद हातात, गाडी दारात, आणि पिशवी कशी रिकामी करायची हे वॉर्डबॉयनं जिन्यात सांगितलेलं.

लघवीची नळी

सगळ्यात जास्त त्रास हिचाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नळी घातली की रोज काही पेशंटांच्या लघवीत नव्यानं जंतू दिसायला लागतात. हे प्रमाण दिवसाला 3 ते 7 टक्के धरतात. म्हणजे महिनाभर नळी राहिली तर जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडणारच. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तसा नळीच्या आतल्या अंगाला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. त्या थराखाली दडलेल्या जंतूपर्यंत औषध नीट पोचत नाही. गोळ्या चालू असताना ताप उतरतो, थांबवल्या की परत येतो, त्याचं एक कारण हेच. म्हणून खरी लागण झाली आणि नळी जुनी असेल तर डॉक्टर नळीच बदलतात आणि तपासणीला लघवी नव्या नळीतून घेतात. पिशवीत तासन्‌तास साचलेली लघवी बाटलीत भरून लॅबला नेऊ नका, तिचा रिपोर्ट दिशाभूलच करेल.

इथे एक गोष्ट लोकांना पटवून देता देता माझी जीभ झिजली आहे. लघवीत जंतू सापडणं आणि लघवीचा आजार होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप नाही, थंडी नाही, ओटीपोटात दुखत नाही, माणूस नेहमीसारखा बोलतोय, जेवतोय, तर केवळ रिपोर्टमध्ये 'जंतू' लिहून आलं म्हणून अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. काही अपवाद आहेत, गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेला माणूस, पण ते डॉक्टर ठरवतील. लघवी गढूळ दिसली, वास आला, म्हणून मेडिकलवाल्याकडून मागच्याच गोळ्या आणणं हा तर आपल्याकडचा पक्का रिवाज. पट्टीवर उभी लाल रेघ दिसते ना, ती शोभेची नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ, आणि 2016 मध्ये सरकारनं त्यासाठी मोहीमही काढली होती. उगाच खाल्लेल्या प्रत्येक कोर्सनं साधे जंतू मरतात आणि दांडगे उरतात. पुढच्या वेळी खरोखर ताप आला की गोळ्या चालत नाहीत, दिवसातून तीनदा शिरेतून औषध द्यावं लागतं, आणि मग पुन्हा भरती.

एकदा एका आजींच्या घरून घाबराघुबरा फोन आला. पिशवी जांभळी झाली होती. लघवी नव्हे, अख्खी पिशवी आणि नळी, वांग्यासारखी. शेजारणीनं 'करणी केलीय कुणीतरी' इथपर्यंत निदान करून टाकलं होतं. आजींना पाच दिवस शौचाला झालेलं नव्हतं. बद्धकोष्ठ असलं की आतड्यात काही द्रव्यं जास्त तयार होतात, ती लघवीत उतरतात, आणि नळीतले काही जंतू त्यांचं निळ्या-तांबड्या रंगात रूपांतर करतात. प्लास्टिकवर दोन्ही मिळून जांभळं दिसतं. पोट साफ झालं, नळी आणि पिशवी बदलली, रंग गेला. दिसायला भयंकर असलं तरी आजी ठणठणीत होत्या. त्याच महिन्यात ज्यांची पिशवी अगदी स्वच्छ, पिवळीधमक दिसत होती असे एक आजोबा मात्र ग्लानीत गेले. रंगावरून फार काही ओळखू येत नाही, माणसाकडे बघावं.

आता रोजचं काम. पिशवी ओटीपोटाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. पलंगाच्या खालच्या दांडीला हुक लावा. खाट विणलेली असेल तर बाजल्याच्या पायाला दोरी बांधून त्यात अडकवा, नाहीतर एक कोरडी बादली ठेवून तिच्यात लोंबती ठेवा. पेशंटला उचलून खुर्चीत बसवताना पिशवी त्याच्या मांडीवर ठेवायची सगळ्यांना सवय असते. तेवढ्या दोन मिनिटांतही उलटा प्रवास होतो. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, फुगेपर्यंत थांबू नका, वजनानं नळी ओढली जाऊन आत जखम होते. रिकामी करण्याआधी हात धुवा आणि नंतरही धुवा. खालची तोटी भांड्याला टेकवू नका. ते भांडं फक्त त्याच कामाचं. नळी आणि पिशवी यांचा जोड उगाच उघडू नका, बंद वाटेत जंतू शिरायला वेळ लागतो आणि दर उघडण्यागणिक त्याला फुकट पास मिळतो. नळी जिथून अंगात शिरते ती जागा आंघोळीच्या वेळी साध्या साबण-पाण्यानं धुतली की झालं. डेटॉल, पावडर, अँटिबायोटिक मलम, काही लागत नाही. बायकांना पुसताना पुढून मागे, उलटं नाही. नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधून ठेवा, म्हणजे कूस बदलताना हिसका बसत नाही.

किती दिवसांनी बदलायची? साधी रबरी नळी दोन ते चार आठवडे, सिलिकॉनची त्याहून जास्त, फार तर तीन महिने, पण नेमकं तुमचे डॉक्टर सांगतील. त्याहून महत्त्वाचा प्रश्न लोक विचारतच नाहीत: ही नळी अजून लागते का? ऑपरेशनच्या वेळी घातलेली नळी 'राहू द्या, सोयीची आहे' म्हणून चार-चार महिने राहिलेली मी पाहिली आहे. घरच्यांची सोय मला कळते. रात्री तीनदा उठून बेडपॅन द्यायचं, चादरी बदलायच्या, सकाळी पुन्हा शेतात किंवा शाळेत. पण पुरुषांना बाहेरून लावायची कंडोमसारखी पिशवी मिळते, डायपर आहेत. दर भेटीत डॉक्टरला हा प्रश्न विचारा. जी नळी नाही, तिला लागण होत नाही.

पाणी कुठं खर्चायचं

पुण्या-मुंबईकडचे लोक सांगतात, वाहत्या पाण्याखाली हात धुवा. मराठवाड्यात हे वाक्य ऐकलं की बायका माझ्याकडे बघतात आणि हसतात. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला 5 लाख लिटर पाणी आलं, तेव्हा ते बघायला स्टेशनवर गर्दी झाली होती. आजही उन्हाळ्यात कित्येक वस्त्यांना नळ दहा-पंधरा दिवसांनी येतो आणि मधल्या दिवसांत टँकर. ज्या घरात पाणी मोजून वापरतात, तिथे 'वारंवार हात धुवा' हा सल्ला देणारीनं आधी किती पाणी लागेल ते सांगावं.

तर सांगते. तांब्यानं बारीक धार धरून, साबण लावून नीट हात धुवायला अर्धा-पाऊण लिटर पुरतं. दिवसाला पंधरा वेळा म्हटलं तरी एक घागर. रोज फरशी पुसायला, चादर धुवायला यापेक्षा जास्त जातं. पाणी टंचाईचं असेल तर फरशी दोन दिवसांआड पुसा, पण ती एक घागर हातांसाठी राखून ठेवा. वॉर्डात आम्ही याहून वेगळं काही करत नव्हतो.

पण ती घागर कशी वापरता यावर बरंच अवलंबून आहे. पिशवी रिकामी केलेला हात तसाच हौदात घालून तांब्या बुडवला, की अख्खा हौद बाटला. त्यापेक्षा एका बादलीला किंवा प्लास्टिकच्या टाकीला खाली तोटी बसवून घ्या, नळाचं काम करणारा कुठलाही माणूस बसवून देतो. तेही नसेल तर दुसऱ्यानं ओतायचं आणि आपण धुवायचं, पंगतीला हात धुवायला देतात तसं. साबण लावून निदान वीस सेकंद चोळा, अंगठा आणि नखांची टोकं विसरू नका. काकणं थोडी वर सरकवा. बोटातली अंगठी काढून ठेवली तर उत्तम, तिच्याखाली ओल आणि जंतू दोन्ही राहतात.

आणि मग येतो पदर. इतक्या निगुतीनं हात धुवून बाई पदराला पुसते. पदरानं सकाळपासून चुलीवरचं भांडं उतरवलेलं असतं, पोराचं नाक पुसलेलं असतं. हे मी स्वतःही घरी करायचे, म्हणून हसायचं कारण नाही. पेशंटच्या खोलीत एक वेगळा पंचा खिळ्याला अडकवा, रोज बदला, नाहीतर हात हवेवर वाळू द्या.

सॅनिटायझर हा आपल्या भागात खरा उपयोगी पडतो, कारण त्याला पाणी लागत नाही. बाटलीवर अल्कोहोल 60 टक्के किंवा जास्त लिहिलेलं बघून घ्या. हात दिसायला स्वच्छ असतील तर ड्रेसिंगआधी, नळीला हात लावण्याआधी वाळेपर्यंत चोळला की काम होतं. हाताला शौच, रक्त, पू लागला असेल तर मात्र साबण-पाणीच, तिथे सॅनिटायझर लंगडा पडतो. चुलीजवळ, गॅसजवळ तो ठेवू नका. आणि हातमोजे घातले म्हणून हात धुवायचे नाहीत असं नाही. एकच मोजे घालून शौच काढून त्याच हातानं नाकातल्या नळीत पेज घालणारी मावशी मी पाहिली आहे. तिच्या मते ती फार काळजी घेत होती.

पाठीच्या जखमा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं माकडहाड, खुब्याची हाडं आणि टाचा यांच्यावर भार पडून तिथलं रक्त अडतं. काही तासांत कातडी लाल होते, आणि दाबून बघितलं तरी तो लालपणा जात नाही. ही पहिली खूण. सावळ्या अंगावर लाल दिसत नाही, तिथे काळसर, गरम किंवा टणक लागतं, म्हणून हात फिरवून बघावं लागतं. इथे सावध झालं तर जखम होतच नाही. दर दोन तासांनी कूस बदला, टाचांखाली नव्हे तर पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. मधे भोक असलेली गोल गादी किंवा कापडाची चुंबळ माकडहाडाखाली देऊ नका, तिच्या कडेनं रक्त आणखी अडतं. हवेची गादी चांगली, पण ती विजेवर चालते, आणि रात्री लाइट गेली की ती हळूहळू बसते. पेशंट फळीवर झोपल्यासारखा, आणि घरचे गादी आहे म्हणून निवांत. लाइट गेली की कूस बदलायचं काम हातावर आलं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

जखम झालीच, तर तिच्यात हळद, चुना, राख, टूथपेस्ट, कोंबडीच्या पिसाची राख, काही म्हणजे काही भरू नका. हळद स्वयंपाकघरात गुणाची आहे, मी तिच्या विरुद्ध नाही, पण डब्यातली हळद ही निर्जंतुक केलेली नसते आणि उघड्या मांसावर तिचा थर बसला की खाली पू झाला तरी दिसत नाही. मातीतून, शेणातून धनुर्वाताचे जंतू येतात. जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं किंवा सलाईननं धुवायची, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग करायचं. तेवढंच.

पावसाळ्यात माशा. उघड्या जखमेवर माशीनं अंडी घातली की एका दिवसात आळ्या. ज्यांच्या घरी हे झालं त्यांना इतकी लाज वाटते, की ते दवाखान्यात आणतच नाहीत. आणा. लाज बाळगण्यासारखं त्यात काही नाही. गोठा घराला लागून आहे, पेशंटला हालता येत नाही, माशीला हाकलणारा हात उठत नाही, एवढंच ते. टर्पेंटाइनचे बोळे घरी घालत बसू नका. मच्छरदाणी दिवसाही लावून ठेवा, पन्नास प्रकारच्या फवाऱ्यांपेक्षा ती बरी.

नाकातली नळी आणि छाती

अर्धांगवायूच्या पेशंटला नाकातून पोटात नळी घातलेली असते. इथे धोका अन्न फुप्फुसात उतरण्याचा. भरवताना आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास पेशंटला टेकून अर्धवट बसतं ठेवा. आडवं झोपवून घातलेलं दूध उलटून श्वासनलिकेत जातं आणि दोन दिवसांनी छाती भरते. मिक्सरमध्ये केलेलं पातळ जेवण सकाळी एकदाच करून दिवसभर वापरायचं असेल तर फ्रिजमध्येच ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, त्या उकाड्यात बाहेर ठेवलेली पेज दोन तासांतच भरवशाची राहत नाही. आणि तोंड! तोंडानं खात नाही म्हणून लोक तोंड धुवायचंच सोडून देतात. तोंडातल्या त्याच लाळेचे थेंब झोपेत छातीत उतरतात. दिवसातून दोनदा मऊ ब्रशनं दात, जीभ साफ करा.

ऑक्सिजन यंत्राच्या बाटलीत बोअरचं पाणी ओतू नका, डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं घाला आणि रोज बदला. वाफेच्या यंत्राचा कप प्रत्येक वापरानंतर धुवून पूर्ण कोरडा करा. ओलसर ठेवला तर दुसऱ्या दिवशी जंतूंची वाफ छातीत जाते.

सलाईनबद्दल मी जरा कडवट बोलते, माफ करा. 'ताकदीची सलाईन' म्हणून कुठलीच ताकद नसते. अशक्तपणा वाटला की गावातल्या माणसाला बोलावून घरी बाटली लावायची, आणि सुई 'उद्या परत लागेल' म्हणून तशीच हातात ठेवायची. ज्याला तोंडानं पाणी जातं त्याला दोन ग्लास ओआरएस तेवढंच देतं. सुई ठेवलेली जागा लाल झाली, दुखली, दोरीसारखी कडक लागली, तर ती त्याच क्षणी काढायची असते. डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी ही तर थेट हृदयाकडच्या मोठ्या शिरेत असते, तिला घरी कोणीही हात लावायचा नाही, तिच्यातून रक्त काढायचं नाही, ती भिजवायची नाही. पोटाचं डायलिसिस घरीच करणाऱ्यांनी बाहेर आलेलं पाणी रोज उजेडात धरून बघावं. तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

सुया आणि पाहुणे

सांभाळणाऱ्यालाही लागण होते, हे आपण विचारातच घेत नाही. वापरलेल्या सुईला टोपण परत लावताना सगळ्यात जास्त बोटं टोचतात, म्हणून टोपण लावूच नका. जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी ठेवा, सुई थेट तिच्यात. भरली की कचरागाडीत किंवा उकिरड्यावर फेकायची नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतही घरातल्या सुया, सिरिंज आणि माखलेलं गॉज घरगुती घातक कचऱ्यात धरलं होतं. आशाताईंना किंवा ज्या दवाखान्यात दाखवता तिथे विचारून तिथे द्या. सुई टोचलीच तर बोट चोखू नका, पिळू नका. साबण-पाण्यानं धुवून दवाखान्यात जा. एचआयव्ही टाळायची औषधं लागलीच तर शक्यतो दोन तासांत सुरू करतात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. सांभाळणाऱ्यांनी कावीळ 'ब'ची लस घेऊन ठेवलेली बरी. आणि नवरा-बायको दोघांनाही साखर असली तरी इन्सुलिनचं पेन दोघांत एक चालत नाही, सुई बदलली तरीही नाही. सांडलेलं रक्त आधी पुसून घ्या, मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 5 टक्के हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारणारं ब्लीचचं पाणी) एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग करून ते दहा मिनिटं तिथे राहू द्या.

पाहुण्यांचं काय करायचं ते मला अजून नीट जमलेलं नाही. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर राग धरतात. येतात, बिस्किटाचा पुडा ठेवतात, थेट पलंगावर टेकतात, हात हातात घेतात, आणि ज्याला सर्दी आहे तो 'काही नाही, जरा कणकण आहे' म्हणत खोकतो. एका घरात मी युक्ती पाहिली. पलंगाशेजारच्या दोन्ही खुर्च्या त्यांनी ओसरीवर नेऊन ठेवल्या होत्या. माणूस आपोआप ओसरीवर बसायचा, तिथेच चहा व्हायचा, आणि आत फक्त दारातून नमस्कार.

कधी उठायचं

घरचे लोक तापाची वाट बघतात. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर डॉक्टरला कळवायचंच, पण म्हाताऱ्या माणसाला मोठी लागण होऊनही ताप येत नाही असं पुष्कळदा होतं. अंग उलट गार पडतं. काल नातवाचं नाव घेऊन हाक मारणारे आजोबा आज त्याला ओळखत नाहीत, जेवण बाजूला सारतात, दिवसा झोपून राहतात, याला 'वयोमानानं होतंय' म्हणू नका. छातीकडे बघत घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. 22 किंवा त्याहून जास्त भरले, हातपाय गार पडले, पिशवीत सहा-आठ तासांत लघवीच जमली नाही, तर संध्याकाळच्या एसटीची वाट न बघता 108 लावा. लागण रक्तात पसरली असेल तर तासांना किंमत असते.

दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या दोन मिनिटांत डॉक्टर जे विचारतात, त्याचं उत्तर नव्वद टक्के घरांत 'असंल पंधरा-वीस दिवस' असं येतं. नळी कधी घातली, शेवटची कधी बदलली, आधीचं अँटिबायोटिक कोणतं, ते किती दिवस घेतलं.

अण्णांच्या घरी परवा गेले होते. पिशवी पलंगाच्या खालच्या दांडीला, फरशीपासून वीतभर वर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या रेघांमध्ये सूनबाईंनी एका तारखेभोवती लाल गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, 'नळी'. त्याच्या खाली वेगळ्या पेनानं, त्यांच्याच अक्षरात: 'डॉक्टरला इचारायचं, काढता येती का.'